गुडघ्याची लाखोली

आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेली नवी बाई हमखास विचारते, "तुमचे हे करतात काय?" प्रश्न साधा आहे. बँकेत म्हटलं की संपतो, शाळेत म्हटलं तरी संपतो. माझ्या उत्तराला मात्र कैरीची डाळ संपते, पन्हं संपतं, समोरची बाई दोनदा "येते हं" म्हणते आणि मी तिला "थांबा हो, एवढं ऐकून जा" म्हणून पुन्हा बसवते. हे किस्से असे साठत गेलेत. देवघराच्या कोनाड्यात जळक्या वाती साठतात तसे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. तेव्हा एकदाचे लिहूनच काढते, म्हणजे निदान डाळ तरी पुरेल.

तर हे विश्रामबागेत एका कॉलेजात यंत्रांचा विषय शिकवायचे. यांचे एक शाळेपासूनचे मित्र डॉक्टर. ज्यांचा पाय गेलाय त्यांना लाकडाचा पाय बसवायचा, पोलिओ झालेल्याला लोखंडी पट्ट्यांचा आधार द्यायचा, असलं त्यांचं काम. एकदा ते आमच्या ओट्यावर चहा घेता घेता म्हणाले, "पाय बसवतो मी, पण तो कुठे टोचतो ते जखम झाल्यावर कळतं. चप्पल चावली तर आपण चप्पल काढतो. त्या माणसानं काय काढायचं?"

यांनी चहा तसाच ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी रंगा सुतार घरी आला आणि कंबरेपासून खालचं एक माणूस तयार व्हायला लागलं. हाडं शिसवीची, सांधे सायकलच्या बेअरिंगचे, आणि वजनासाठी कृष्णेची वाळू भरलेल्या पिशव्या. विचार असा, की नवा पाय आधी या पुतळ्याला घालायचा. टोचायचं ते त्याला टोचू दे, मग माणसाला घालू.

मला विचार आवडला. दुसऱ्याचं दुखणं आपल्यावर घेणाऱ्याला आपल्यात फार मान आहे. मी पुतळ्याला कुंकू लावायला गेले, पण कपाळच नव्हतं.

* * *

मागची पत्र्याची शेड गळत होती, म्हणून पुतळा सुरुवातीला बाहेरच्या खोलीत ठेवला. खुर्चीवर बसवून. उघडा बरा दिसेना, म्हणून मी त्याला यांची जुनी विजार आणि बूट घातले. दारात अर्धा पडदा होता.

शेजारच्या लिमयेकाकू वाटी परत द्यायला आल्या. पडद्याखाली बूट, विजार, गुडघे. त्यांनी पदर नीट केला, वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि मागच्या मागे गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला नळावर गाठलं. "पाहुणे बरेच दिवस राहिले हो तुमच्याकडे."

मी म्हटलं, "हो, अजून राहतील."

"फारसे बोलत नाहीत वाटतं?"

"नाही. स्वभावच तसा आहे."

यात मी एक अक्षर खोटं बोलले नाही. संध्याकाळी काकूंनी पाहुण्यांसाठी शेवयांची खीर पाठवली. ती आम्ही खाल्ली, कारण पाहुण्यांना तोंड नव्हतं. तेव्हापासून पुतळ्याचं नाव पाहुणे पडलं ते पडलंच. कॉलेजातली मुलंसुद्धा विचारायची, "सर, पाहुण्यांचा गुडघा झाला का?"

* * *

आता हवालदारांचं सांगते. कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

पलूसजवळच्या एका गावचे हवालदार निकम. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा डावा पाय मांडीपासून गेला. त्यांना पाय मिळाला होता आणि तो चांगला होता. ते असे चालत, की मागे बँड वाजतोय असं वाटावं. उसाच्या बांधावरून चालायचे, बैलगाडीत चढायचे. डॉक्टरांनी त्यांना यांच्याकडे का पाठवलं ते आम्हाला समजेना.

मी खुर्ची दिली. बसले नाहीत. त्यांच्या बायको पारूबाई खाली सतरंजीवर बसल्या. हे विचारत होते, दुखतं का? नाही. सालटं निघतात? नाही. मग अडचण कशाची?

हवालदार म्हणाले, "जेवायची."

पुढचं पारूबाईंनी सांगितलं. मिळालेला पाय खुर्चीवर बसण्यापुरता वाकायचा. मांडी घालता यायची नाही. गावच्या पंगतीत लोकांनी हवालदारांना खुर्ची देऊ केली, पाटलांनी स्वतःच्या घरची आणली. हवालदार म्हणाले, "म्हातारी माणसं खाली आन् मी वर? मी काय मामलेदार हाय?" आणि त्यांनी आमटीची बादली उचलली. तेव्हापासून पाच वर्षं गावात बारसं असो, बारावं असो, हवालदार वाढायला. सगळ्या पंगती उठल्या की चुलाण्यापाशी उभ्यानं चार घास खायचे.

"आन् मी बी त्यांच्यासंगं उभ्यानंच," पारूबाई म्हणाल्या. "एकट्याला कसं उभं करायचं?"

त्यांच्या शालनचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं. मुलाचे वडील तासगावकडचे, जुन्या वळणाचे. त्यांनी बोलणीतच सांगून ठेवलं होतं, की व्याही शेजारी मांडी घालून बसल्याशिवाय मी पानाला हात लावणार नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना पायाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

"आता सांगा की," हे म्हणाले.

हवालदार म्हणाले, "सायेब, पाय न्हाई हे सांगायला लाज न्हाई वाटत. पोरीच्या लग्नात बाप जेवाय बसत न्हाई, हे कसं सांगू?"

यांनी वही उघडली. अडचण: जेवण, एवढंच लिहिलं.

* * *

गुडघा करायचा म्हणजे आधी पाहुण्यांना मांस हवं होतं. लाकडावर पाय बसवून टोचणं कळत नाही. दाबलं की दबेल, सोडलं की हळूहळू वर येईल, असं काहीतरी हवं. यांनी स्पंज आणला, तो फार लवकर वर आला. सायकलच्या ट्यूबमध्ये पाणी भरलं, ते फारच मोकळं झालं. मी त्या दिवशी पुरणपोळीची कणीक तिंबून, तेल लावून झाकून ठेवली होती. हे पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि सहज त्यात बोट घातलं.

तासाभरात डॉक्टर हजर. दोघं परातीपाशी. डॉक्टर डोळे मिटून एक बोट कणकेत आणि एक बोट स्वतःच्या मांडीत रुतवायचे, मग हात बदलायचे. "ही जरा तरुण आहे," म्हणाले. यांनी मला विचारलं, "ही किती वेळ मुरलीय?"

"दोन तास."

"चाळिशीच्या माणसाला किती मुरवावी लागेल?"

नेमक्या तेव्हा लिमयेकाकू आल्या. त्यांनी पाहिलं, की दोन शिकलेली माणसं डोळे मिटून माझी कणीक दाबतायत. काकू आल्या पावली वळल्या. विचारी बाई. नंतर मला एवढंच म्हणाल्या, की सोमवार कडक धरत जा.

शेवटी रबराच्या चिकात भुसा कालवून कणकेसारखं मांस जमलं. तोपर्यंत पाच वेळा कणीक मळावी लागली. पोळ्या उत्तम झाल्या होत्या, पण त्या दिवशी डॉक्टर आणि हे दोघंही नुसता भात जेवले.

* * *

मांडी घालायची तर नुसता गुडघा वाकून भागत नाही. गुडघ्याच्या वर पाय फिरावाही लागतो. हे आमच्या सासूबाईंनी सांगितलं. त्या जात्यापाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "आरं, खुट्टा जात्यात फिरतो म्हणून हात वळतो. तुझ्या पायाला खुट्टा कुठं हाय?" रंगा सुतारानं मग गुडघ्याच्या वर एक फिरती चकती बसवली. ती फिरली की कट्ट करून अडकायची आणि बटण दाबलं की सुटायची.

पाहुण्यांना पहिल्यांदा पाटावर मांडी घालून बसवलं. रबराच्या मांसावर यांनी कोरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर गुंडाळला होता. जिथं दाब पडेल तिथं काळं उमटणार. पाऊण तासानं कागद सोडले. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर रुपयाएवढा काळा डाग.

हे घाबरले. यांच्याकडे परदेशातलं जाडजूड पुस्तक होतं, त्यात पायाच्या चित्रावर दाबाच्या सगळ्या जागा दाखवलेल्या. घोट्याला काहीच नव्हतं. म्हणजे आपला पुतळाच चुकला, असं म्हणून हे आणि डॉक्टर डोकं धरून बसले. दोन दिवस जेवणात लक्ष नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, कशाचं एवढं घेऊन बसलाय? यांनी कागद दाखवला. सासूबाईंनी लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला. तिथं काळा, कडक घट्टा. रुपयाएवढा.

"तुझ्या पाहुण्याला आत्ता पडला. मला पडून चाळीस वर्सं झाली."

यांनी माझा घोटा पाहिला, मग रंगाचा. घट्टा सगळ्यांना होता. पुस्तकवाले खुर्चीवर बसणारे, त्यांना कुठून असणार?

यांची ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या दिवसाखाली एकच ओळ आहे: पुतळा बरोबर आहे. आईशी जुळतो.

* * *

एकदा यांना वाटलं, पाहुणे सोसतात सगळं, पण सांगत काही नाहीत. म्हणून स्वतःचा डावा पाय मागे दुमडून पट्ट्यानं बांधला, गुडघ्याखाली नवा पाय लावला, वरून धोतर नेसले आणि भाजी आणायला गेले. बाजारात तीन विद्यार्थी भेटले. एकानं पिशवी घेतली, एकानं हात धरला, तिसरा रडायला लागला. यांना ओशाळं वाटून खरं सांगवेना. तसेच घरी पोचते झाले.

माझं माहेर खंडाळ्याकडचं. तिथला एक मुलगा कॉलेजात होता. बातमी त्याच दिवशी संध्याकाळच्या एस्टीनं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा दारात. माझे वडील. डोक्याला पटका नाही, पायात दोन तऱ्हेच्या वहाणा. दार यांनीच उघडलं. आण्णा वर पाहीनात.

"जावईबापू, पाय दावा."

यांनी धोतर वर घेतलं. आण्णांनी दोन्ही पाय हातानं चाचपले, नखं पाहिली, आणि मग पायरीवर बसले. मी पाणी दिलं. रागावतील म्हणून हे खाली मान घालून उभे होते. आण्णा रागावले नाहीत. उलट तोंडावर तेज आलं होतं.

"काल राती भैरोबाला नवस बोललो," ते म्हणाले. "म्हटलं, पाय परत दे, जावई वेशीपासनं देवळापतोर दंडवत घालील. बघा. रात बी न्हाई लागली."

हे म्हणाले, "आण्णा, पण पाय गेलाच नव्हता."

"म्हणूनच म्हणतो, देव लय जागृत हाय."

नवस फळला होता, तेव्हा फेडणं भागच होतं. पुढच्या रविवारी यांनी वेशीपासून दंडवत घातले. गाव काठाला उभं राहून पाहत होतं, आण्णा पुढे वाट झाडत होते. मला भरून आलं, की इतकी वर्षं देवळात मागे उभा राहणारा माणूस देवासमोर असा आडवा झाला. नंतर धोतर धुवायला घेतलं तर दोन्ही गुडघ्यांना आतून कार्बन पेपर बांधलेला.

* * *

आषाढ आला. चातुर्मासाचा काही ना काही नेम मी धरतेच. त्या वर्षी लाख दूर्वा वाहाव्यात असं मनात होतं.

बाहेर डॉक्टर आणि हे बोलत होते. गुडघा झालाय, पण माणसाला द्यायच्या आधी तो लाख वेळा वाकला पाहिजे, पाहुण्यांच्या वजनासकट. न तुटता. डॉक्टर यावर ठाम होते. हवालदार भरल्या पंगतीत मोडून पडले तर पुन्हा आयुष्यात बसायचे नाहीत. हे म्हणाले, मोटार लावावी तर वीज जाते, आणि मोटार हिसका देते. माणूस असा हिसक्यानं बसत नाही. लाख वेळा हातानं कोण वाकवणार?

मी आतून म्हटलं, "मी वाहीन."

डॉक्टर हसले. "वहिनी, लाख म्हणजे किती होतात ठाऊक आहे का?"

"माझ्या आईनं लाख वाती वळल्यात. आजीनं लाख प्रदक्षिणा घातल्यात. लाखाचं मला नका सांगू."

एकादशीला सुरुवात केली. पाहुणे शेडमध्ये बाकावर. गुडघ्याला दोरी, दोरी वरच्या कप्पीतून माझ्या डाव्या हातात. पाळण्याची ओढतो तशी ओढायची. उजव्या हातात माळ. एका नावाला एक मणी, एका मण्याला एकदा गुडघा. रोज दहा माळा. अडचणीचे दिवस वजा जाता शंभर दिवसांत लाखोली पुरी. यांनी भिंतीवर तक्ता लावून दिला, एक रेघ म्हणजे शंभर. मी रोज दहा रेघा ओढून पाहुण्यांना नमस्कार करायची. लिमयेकाकूंनी एकदा खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "मी थोडा वेळ ओढू का?" पण नेम ज्याचा त्यानंच करायचा असतो.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी, दहाव्या माळेचा मेरुमणी हाताला लागला आणि कट्ट झालं. गुडघ्यातली पिन तुटली होती.

हे तक्त्यासमोर उभे राहिले. अठ्ठ्याण्णव हजार. दोन हजारांनी चुकलं. डॉक्टर आले. त्यांचा नियम त्यांनाच मोडवेना. नवी पिन म्हणजे नवे लाख, म्हणजे पुन्हा चार महिने. लग्न महिन्यावर आलेलं. नेमके हवालदारही त्या दिवशी माप द्यायला आले होते. तुटलेली पिन त्यांनी हातात घेऊन पाहिली आणि यांच्या हातात परत ठेवली.

"ऱ्हाऊ द्या सायेब. वाढायला कुनीतरी लागतंच की."

मी देवघरात जाऊन बसले. हातची लाखोली मोडल्याचं दुःख काय असतं ते ज्यानं केलीय त्यालाच कळेल. सासूबाई मागून आल्या. म्हणाल्या, "रडतीस कशापायी? ते वरचं आठ हाईत की."

हे दारात होते. "कुठले वरचे आठ?"

"माळंतलं."

हे माझ्याकडे वळले. "माळ शंभराची म्हणाली होतीस ना?"

"शंभराचीच."

"मग मणी किती?"

"एकशे आठ."

यांनी खडू उचलला. मी समजावून सांगितलं, की नाव घेताना मन हलतं, बोट निसटतं, म्हणून आठ वर ठेवतात. ते देवाच्या हिशेबात धरत नाहीत.

"पण दोरी ओढली?"

"ओढली की. मणी आला म्हणजे ओढायलाच हवी."

यांनी खडूनं भिंतीवर गुणाकार केला. डॉक्टरांनी पुन्हा केला. एक लाख पाच हजार आठशे चाळीस.

"म्हणजे लाख पाच दिवसांपूर्वीच झाले," डॉक्टर म्हणाले आणि खाली बसले. मांडी घालून.

मी मात्र नवी पिन बसवून घेतली आणि उरलेल्या वीस माळा दोन दिवसांत पुऱ्या केल्या. यांचं लाख झालं होतं. देवाचं व्हायचं होतं.

* * *

लग्नाच्या आठ दिवस आधी हवालदारांना पाय घातला. आमच्याच ओट्यावर पाट मांडला. हवालदारांनी एक हात भिंतीला लावला, गुडघा वाकला, चकती फिरली, कट्ट. पाच वर्षांनी माणूस मांडी घालून बसला. पारूबाईंनी तोंडाला पदर लावला. रंगा सुतारानं डोळे पुसले. मी साखर वाटली.

मग चहा झाला. हवालदार बसलेले. गप्पा झाल्या. दुसरा चहा झाला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. हवालदार सावधान असल्यासारखे ताठ, हात गुडघ्यांवर. शेवटी त्यांनी मान न हलवता हळूच विचारलं,

"सायेब, आता?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं, की पाहुणे लाख वेळा वाकले होते, पण स्वतःहून उठले कधीच नव्हते. त्यांना रंगा आणि हे दोन्ही बाजूंनी धरून उचलायचे. आणि चकती सोडायचं बटण मांडीच्या खालच्या अंगाला होतं, कारण रंगा बाकाखाली बसून ते दाबायचा. हवालदारांच्या खाली ओटा होता. तिथं कुणाला बसता येण्यासारखं नव्हतं.

चौघांनी त्यांना पाटासकट उचललं. रंगानं खाली शिरून बटण दाबलं.

चार दिवस यांनी बटणाची जागा शोधली. पुढे घेतलं तर धोतरात अडके, बाजूला घेतलं तर चालताना दाबलं जाई. मी चुलीपाशी होते. म्हटलं, बटणाला नाडी बांधा. विजारीची नाडी बसल्याजागी ओढता येते ना, तशी वर कमरेला घ्या आणि करदोट्यापाशी अडकवा.

हे म्हणाले, "कॉलेजात येतेस का शिकवायला?"

म्हटलं, सोमवारी जमणार नाही.

* * *

लग्नाला आम्ही सगळे गेलो. हे, डॉक्टर, रंगा सुतार, सासूबाई, मी. यांनी खांद्याच्या पिशवीत पाने, पक्कड, दोन पिना आणि हातभर नाडी घेतली होती.

अक्षता पडल्या. मांडवात पहिली पंगत मांडली, पुरुषांची. गावातले वाढपी बादल्या घेऊन उभे, आणि पाच वर्षांची सवय म्हणून एकानं हवालदारांच्या हातात भाताचं घमेलं दिलं. हवालदारांनी ते त्याच्याकडे परत दिलं. व्याह्यांच्या शेजारी गेले. एक हात खांबाला लावला, गुडघा वाकला, चकती फिरली. मांडवात इतकी शांतता, की कट्ट मला बायकांत ऐकू आलं.

व्याह्यांनी पानाला हात लावला. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

हे जेवलेच नाहीत. समोरच्या खांबाआड पिशवी धरून उभे होते. बुंदी झाली, मसालेभात झाला, मठ्ठा झाला. पंगत उठली. सगळे हात धुवायला गेले. हवालदार बसूनच.

व्याही अर्धे उठले होते. शेजारचा बसलेला पाहून तेही पुन्हा बसले. पंगतीतून आधी उठायचं नाही, हे त्यांच्या वळणात बसत होतं. लोकांनी उष्ट्या पत्रावळी उचलल्या, दुसरी पंगत मांडली, दोघांपुढे नवी पानं आली. हवालदार पुन्हा पहिल्यापासून जेवायला लागले. व्याही ताकाची वाटी घेऊन बसले.

पिशवीतून पाना काढून हे वाकत वाकत त्यांच्या मागे गेले आणि कानाशी लागले.

"नाडी तुटली का?"

"नाडी बरी हाय सायेब."

"चकती अडकली?"

"न्हाई."

"मग?"

"बसलोय," हवालदार म्हणाले.

दुसरी पंगत उठली. व्याह्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, की आपण उठलो तर चालेल का. हवालदार म्हणाले, "उठा की आवं, तुमचं झालंय." व्याही दोन्ही गुडघ्यांवर हात देऊन कण्हत उठले.

तिसरी पंगत आम्हा बायकांची. मी बसले, सासूबाई बसल्या. ओळीच्या टोकाला हवालदार तसेच, तिसरं पान पुढ्यात, अजून हात न लावलेलं. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या, पण नवरीच्या बापाला उठा कोण म्हणणार? पारूबाई आमटीची बादली घेऊन वाढत वाढत आमच्या ओळीत आल्या. माझ्या पानावर वाढलं, सासूबाईंच्या पानावर वाढलं, आणि टोकाला पोचल्या.

हवालदारांनी मागच्या वाढप्याला हाक मारली.

"गड्या, ती बादली घे हिच्या हातातनं. आन् हितं शेजारी एक पत्रावळ मांड."